अल्सरचं औषध आणि मुलांच्या फिट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं औषधांचं दुकान पुण्यात, लक्ष्मी रस्त्याच्या आतल्या एका बोळात आहे. फिट येणाऱ्या मुलांचे आईवडील महिन्याची औषधं न्यायला येतात आणि मग काउंटरला टेकून बोलत राहतात. मध्यंतरी हडपसरहून आलेल्या एका आजोबांनी पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरमधून चार घड्यांचं कात्रण काढून माझ्यापुढे ठेवलं. घड्यांवरची अक्षरं उडाली होती, पण 'अल्सर' या शब्दाखाली लाल बॉलपेनची रेघ अजून ठळक होती. अल्सरच्या एका जुन्या औषधाने मुलांच्या फिट्स थांबतात, हीच बातमी वेगवेगळ्या रूपांत इतक्यांदा माझ्याकडे आली आहे, की शेवटी सगळे प्रश्न एकत्र लिहून काढले. मी डॉक्टर नाही, औषधविक्रेता आहे. तुमच्या मुलाचा डोस या पानावरून ठरवू नका.

१. अल्सरच्या गोळीने लहान मुलांच्या फिट्स थांबतात म्हणे. खरं आहे का?

नाही. बातमीच्या मुळाशी खरं संशोधन आहे आणि ते चांगलंही आहे. पण 'अल्सरवरच्या एका औषधामुळे फिट कशी सुरू होते याचा धागा मिळाला' हे एक वाक्य, आणि 'त्या औषधाने फिट थांबते' हे दुसरं. मथळ्यात पहिल्याचं दुसरं झालं. मुलांच्या फिट्ससाठी लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांच्या यादीत हे औषध नाही.

२. औषधाचं नाव काय? आमच्या कात्रणात नुसतं 'पोटाच्या अल्सरवरचं जुनं औषध' असं लिहिलंय.

कार्बेनॉक्सोलोन. इंग्लंडमध्ये ते बायोगॅस्ट्रोन या नावाने विकलं जायचं.

याची जन्मकथा मला फार आवडते, कारण ती एका औषधविक्रेत्यापासून सुरू होते. नेदरलँड्समध्ये रेव्हर्स नावाचे डॉक्टर होते. गावातल्या एका औषधविक्रेत्याच्या ज्येष्ठमधाच्या काढ्याने पोटाच्या रुग्णांना आराम पडतो, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो रुग्णांना देऊन पाहिला आणि १९४६ मध्ये त्यावर लिहिलं. व्रण भरत होते, पण काहींचे पाय आणि चेहरा सुजत होता. पुढे ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरेटिनिक आम्लात थोडा रासायनिक बदल करून कार्बेनॉक्सोलोन बनलं. १९६२ मध्ये रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी त्याची रुग्णांवरची चाचणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. हे तेच डॉल, ज्यांनी सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवून दिला.

१९७६ मध्ये जठरातलं आम्ल कमी करणारं सिमेटिडिन बाजारात आलं, नंतर ओमेप्राझोल आलं, आणि बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो हेही कळलं. त्या शोधासाठी मार्शल आणि वॉरेन यांना २००५ चं नोबेल मिळालं. कार्बेनॉक्सोलोन मागे पडलं. माझ्या उभ्या कारकिर्दीत हे औषध लिहिलेली एकही चिठ्ठी माझ्यासमोर आलेली नाही.

३. पोटाचं औषध मेंदूच्या संशोधनात कसं काय शिरलं?

पोटाच्या गुणामुळे शिरलं नाही. या औषधाला आणखी एक खोड आहे, त्यामुळे शिरलं.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बहुतेक वेळा रसायनांमार्फत बोलतात. एक पेशी रसायन सोडते, मधली बारीक फट ओलांडून ते दुसरीपर्यंत जातं. पण काही पेशींमध्ये याहून थेट वाट असते. जुन्या वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांच्या भिंतीत एखादा आतला दरवाजा असायचा, वाटीभर साखर मागायला अंगणातून वळसा घालून जावं लागायचं नाही, तसं. या दरवाज्यांना गॅप जंक्शन म्हणतात. त्यांतून विजेचा संदेश रसायनाची वाट न पाहता सरळ पलीकडे जातो. कार्बेनॉक्सोलोन हे दरवाजे बंद करतं. म्हणून प्रयोगशाळांमध्ये ते वर्षानुवर्षं हत्यारासारखं वापरलं जातं: दरवाजे बंद केल्यावर अमुक गोष्ट थांबली, तर ती या वाटेने होत असणार, असा अंदाज बांधायचा.

फिट म्हणजे असंख्य पेशींनी एकाच वेळी, एका ठेक्यात पेटून उठणं. इतक्या पेशींचा ठेका इतक्या झटकन जुळतो कसा, हा जुना प्रश्न. त्याचं एक उत्तर या आतल्या दरवाज्यांमध्ये असावं, असं काही शास्त्रज्ञांना वाटलं.

४. त्या संशोधनात मुलांना हे औषध दिलं होतं का? किती मुलं बरी झाली?

दिलंच नव्हतं. म्हणून किती बरी झाली हा प्रश्नच उरत नाही. गैरसमजाचं मूळ इथेच आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

त्या संशोधनाचा निबंध २००१ मध्ये 'एपिलेप्सिया' या नियतकालिकात आला. लेखकांमध्ये रॉजर ट्रॉब, माइल्स व्हिटिंग्टन, हेलन क्रॉस, टॉर्स्टन बाल्डेवेग अशी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम, लीड्स आणि लंडन इथली माणसं होती. कामाचे तीन भाग होते.

पहिला भाग मुलांचा. फोकल कॉर्टिकल डिसप्लेशिया असलेली, म्हणजे मेंदूच्या सालीचा एखादा तुकडा गर्भातच नीट घडला नाही अशी, आणि औषधांनी फिट्स न थांबणारी ही मुलं होती. अशा मुलांमध्ये फिटचा उगम शोधण्यासाठी कवटीच्या आत, थेट मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवून आलेख घेतात. त्या आलेखांत फिट सुरू होण्याच्या अगदी आधी सेकंदाला ७० किंवा त्याहून जास्त वेगाच्या बारीक लहरी दिसल्या.

दुसरा भाग उंदरांचा. उंदराच्या मेंदूचे पातळ काप खारट द्रावणात जिवंत ठेवून त्यांत तशाच वेगवान लहरी निर्माण केल्या. द्रावणात कार्बेनॉक्सोलोन घातल्यावर त्या दबल्या.

तिसरा भाग संगणकाचा. पेशींचं जाळं संगणकात उभं करून, त्यांच्या लांब तंतूंमध्ये गॅप जंक्शन असतील तर अशा लहरी उठतात का, हे तपासलं. उठत होत्या.

आता या तिन्हींची गाठ बांधून पाहा. मुलांकडून आलेख आले, औषध उंदराच्या कापावर पडलं. 'मुलांच्या फिट्स' आणि 'अल्सरचं औषध' हे दोन शब्द एका निबंधात आले, म्हणून बातमीतही एका ओळीत आले. शास्त्रज्ञांनी स्वतः याला तपासून पाहता येईल असा तर्क म्हटलं होतं.

५. आमच्या मुलाचे तीन ईईजी झाले. त्यात अशा वेगवान लहरींचा उल्लेख कुठेच नाही. तपासणी नीट झाली नाही का?

तपासणी नीटच झाली असणार. ईईजीच्या, म्हणजे डोक्यावरून घेतलेल्या मेंदूच्या आलेखाच्या, कागदाच्या कडेला बारीक अक्षरात फिल्टरची सेटिंग छापलेली असते. तिथे वरची मर्यादा बहुतेक ७० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७० लहरी, असते. म्हणजे ज्या लहरींबद्दल आपण बोलतोय त्या नेमक्या या चाळणीत अडकतात. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण कपाळाच्या आणि जबड्याच्या स्नायूंचा खडखडाट याच पट्ट्यात येतो. मूल रडत असेल तर विचारूच नका. त्यातून कवटी आणि कातडीमधून येताना या नाजूक लहरी आणखी क्षीण होतात. त्या नीट पाहायच्या तर प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे इलेक्ट्रोड आत ठेवावे लागतात, आणि ते फक्त शस्त्रक्रियेचा विचार चालू असतानाच केलं जातं.

६. पंचवीस वर्षं होत आली. मग औषध अजून का आलं नाही? कंपन्यांना स्वस्त औषधात रस नसतो, म्हणून का?

कंपन्यांना स्वस्त औषधात रस नसतो हे मी काउंटरवरून रोज पाहतो, त्यामुळे हा संशय मला लगेच झटकता येत नाही. पण इथे खरी अडचण औषधाचीच आहे.

एक तर ते मेंदूत पोचतच नाही. २००६ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी उंदरांना औषध देऊन मेंदूत किती उतरलं हे मोजलं. सापडलंच नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी पहारेकऱ्यांची भिंत असते, ती त्याला आत सोडत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याआधी काही प्रयोगांत उपजतच झटके येणाऱ्या उंदरांचे झटके कार्बेनॉक्सोलोनने कमी झाले होते, त्यामुळे ते मग कशाने झाले हा गोंधळ उरलाच.

दुसरं, ते फक्त दरवाजे बंद करत नाही. २००३ मधल्या एका अभ्यासात गॅप जंक्शनचा संबंधच नसतानाही त्याने पेशींच्या जाळ्याचं काम थांबवलं. कॅल्शियमच्या वाटा आणि रासायनिक संदेशही ते अडवतं. म्हणजे प्रश्न ३ मधलं हत्यार मी सांगितलं तितकं धारदार नाही.

तिसरं, असे दरवाजे शरीरभर आहेत. हृदयाच्या पेशी एका तालात आकुंचन पावतात त्या यांच्याच जोरावर. सगळ्या वाड्याचे सगळे दरवाजे बंद करून चालत नाही.

७. त्याचे दुष्परिणाम काय होते?

अंगावर सूज, वाढलेलं ब्लड प्रेशर, आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होणं. पोटॅशियम फार उतरलं तर स्नायू ढिले पडतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. कारण असं: मूत्रपिंडात एक एन्झाइम कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करत असतं. कार्बेनॉक्सोलोन त्या एन्झाइमलाच गप्प बसवतं. मग कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. रेव्हर्स यांना १९४६ मध्ये दिसलेली सूज ती हीच. ज्येष्ठमधही नेमकं हेच करतं, आणि म्हणून पुढचा प्रश्न.

८. ज्येष्ठमधापासूनच बनलंय ना? मग मुलाला ज्येष्ठमध उगाळून दिलं तर काय बिघडलं? आयुर्वेदिकच तर आहे.

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि विचारणारी बहुधा आजी असते.

मंडईच्या बाजूला काष्ठौषधींच्या दुकानात ज्येष्ठमधाच्या काड्या मिळतात. बाहेरून तपकिरी, मोडली की आत पिवळ्या, तंतूतंतूंच्या. चघळली की आधी गोड आणि मग मागाहून कडवट. खोकल्याला घशात धरायला मीही वापरतो. पण फिट्ससाठी तिचा उपयोग नाही. कार्बेनॉक्सोलोनच मेंदूत पोचत नाही, मग ज्या मुळापासून ते बनलं ते उगाळून देऊन काय पोचणार?

आणि बिघडतं काय तेही सांगतो. रोज, भरपूर, महिनोन्महिने दिलं तर प्रश्न ७ मधलं सगळं होऊ शकतं. युरोपात मोठ्या माणसांसाठी ग्लिसिरायझिनची, म्हणजे ज्येष्ठमधातल्या मुख्य गोड घटकाची, दिवसाची मर्यादा १०० मिलिग्रॅम सांगितलेली आहे. चूर्णाच्या चमच्यात ते किती आहे हे ना दुकानदाराला माहीत असतं ना आपल्याला, आणि दहा किलोच्या मुलाला मोठ्यांचं गणित लागू पडत नाही.

पण मला खरी भीती ज्येष्ठमधाची वाटतच नाही. सिंहगड रस्त्याकडचं एक कुटुंब माझ्याकडून व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाचं सिरप न्यायचं. एका महिन्यात ते आलंच नाही. पुढच्या महिन्यात मुलीचे बाबा आले ते हॉस्पिटलमधून सुटल्यावरची चिठ्ठी घेऊन. 'मुळावरचा इलाज' म्हणून ज्येष्ठमध सुरू केलं होतं आणि दोन्ही एकत्र नको म्हणून सिरप बंद. पाचव्या दिवशी पहाटे सुरू झालेली फिट थांबेचना. फिटचं औषध एकदम बंद केल्यावर असं होऊ शकतं. त्यात ज्येष्ठमधाचा काही दोष नव्हता. मी आदल्या महिन्यात एक फोन केला असता तर, हे मात्र मनातून जात नाही. तेव्हापासून मी अशा घरांची वेगळी वही ठेवली आहे.

९. बाळगुटीतही ज्येष्ठमध असतं. तीही बंद करायची का?

ज्येष्ठमधाच्या भीतीने नको. सहाणेवर दोन वेढे उगाळल्यावर जे उतरतं ते अगदी किरकोळ असतं. पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि सहाण व मुळ्या कितपत स्वच्छ असतात हा वेगळाच प्रश्न आहे. बाळाला फिट्स येत असतील तर गुटीत काय काय आहे याची यादी डॉक्टरांना दाखवा. वेखंड, जायफळ, अतिविष, मुरुडशेंग, सगळं लिहा. 'घरचंच आहे' म्हणून लपवू नका. बाळाला स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा सिरप चालू असेल तर नियम वेगळा आहे, तो प्रश्न १८ मध्ये.

१०. आमच्या आठ महिन्यांच्या बाळाला वेस्ट सिंड्रोम आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीत अ‍ॅसिडिटीचं औषधही आहे. म्हणजे ते फिटसाठीच दिलंय ना?

नाही, ते पोटासाठीच आहे. वेस्ट सिंड्रोममध्ये बाळ झोपेतून उठताना वगैरे एकामागून एक झुकतं, हात पसरतं, सलाम केल्यासारखं. डॉ. वेस्ट यांनी १८४१ मध्ये स्वतःच्या मुलाचं हेच दुखणं 'लॅन्सेट'ला पत्र लिहून कळवलं होतं, म्हणून त्यांचं नाव. यावर शरीरातलं स्टेरॉइड वाढवणाऱ्या एसीटीएच या संप्रेरकाची इंजेक्शनं किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. या औषधांनी जठराला त्रास होऊ शकतो, म्हणून जोडीला आम्ल कमी करणारं औषध असतं. स्टेरॉइडचा कोर्स संपला की ते कधी थांबवायचं हे विचारून घ्या. कोर्स संपल्यावरही जठराचं औषध महिनोन्महिने नेणारी घरं मी पाहिली आहेत. बंद करा असं कुणी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

११. फिटच्या गोळ्या चालू असताना अ‍ॅसिडिटीची औषधं घेतलेली चालतात का?

कोणती गोळी आणि कोणतं औषध, त्यावर आहे. खालच्या नावांत फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, क्लोबाझाम, गॅबापेन्टिन आणि लेव्हेटिरासिटॅम ही फिटची औषधं, बाकीची पोटाची.

फेनिटॉइन चालू असेल तर पांढरं किंवा गुलाबी पातळ अँटासिड त्याच वेळी देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. नाहीतर गोळी पोटात नीट शोषली जात नाही. सुक्राल्फेटचंही तेच. गॅबापेन्टिनलाही हे अंतर लागतं. सिमेटिडिन उलट करतं: फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. ओमेप्राझोल फेनिटॉइन थोडं वाढवतं आणि क्लोबाझामपासून शरीरात तयार होणारा घटकही वाढवतं, मग मूल दिवसभर पेंगतं. पॅन्टोप्राझोलचा हा त्रास कमी. लेव्हेटिरासिटॅमचं यातल्या कुणाशी फारसं वाकडं नाही.

आम्ल कमी करणारी ओमेप्राझोलच्या जातीची औषधं वर्षभराहून जास्त चालली तर काहींमध्ये रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं, आणि मॅग्नेशियम फार उतरलं की त्यानेच फिट येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये तसा इशारा दिला होता. अल्सरचं औषध आणि फिट यांचं नातं शोधायचंच असेल, तर रोजच्या जगण्यात ते इथे आहे, आणि उलट दिशेने आहे.

१२. माझ्या मुलाला फिट्सही आहेत आणि एण्डोस्कोपीत खरंच अल्सर निघाला. जंतूवर उपचार सुरू करायचे आहेत. काही काळजी?

हो, मोठी. हेलिकोबॅक्टरच्या उपचारात आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर दोन अँटिबायोटिक असतात आणि त्यांत बऱ्याचदा क्लॅरिथ्रोमायसिन असतं. मूल कार्बामॅझेपिनवर असेल तर क्लॅरिथ्रोमायसिनमुळे कार्बामॅझेपिनचं प्रमाण काही दिवसांत खूप चढू शकतं. मूल झोकांड्या खातं, दोन-दोन दिसतं म्हणतं, उलट्या होतात. घरच्यांना वाटतं अल्सरच वाढला. पोटाचे डॉक्टर वेगळे आणि मेंदूचे वेगळे असतील तर दोघांसमोर दोन्ही चिठ्ठ्या ठेवा. लिव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची अँटिबायोटिक फिटचा उंबरठा खाली आणतात, तेही सांगून ठेवा. औषध घ्यायला याल तेव्हा आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर आणा. 'ती पिवळी गोळी' म्हणून मला कळत नाही.

१३. परदेशातल्या नातेवाइकाकडून हे औषध मागवता येईल का?

मागवू नका. कारणं प्रश्न ६ आणि ७ मध्ये आहेत.

१४. मी वाचलं की याच औषधाने म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती सुधारली. मग मेंदूत पोचत नाही असं कसं म्हणता?

शाब्बास, हा प्रश्न कोंढव्याच्या एका कॉलेजातल्या मुलीने विचारला होता, धाकट्या भावासाठी.

२००४ मध्ये एडिनबरोत तसा अभ्यास झाला. दहा निरोगी वयस्क पुरुष आणि मधुमेह असलेले बारा जण. काही आठवडे कार्बेनॉक्सोलोन दिल्यावर पहिल्या गटात शब्द पटापट आठवणं आणि दुसऱ्यात ऐकलेलं लक्षात राहणं थोडं सुधारलं. पोटॅशियम उतरू नये म्हणून जोडीला अ‍ॅमिलोराइडही दिलं होतं. इथे त्यांचा रोख गॅप जंक्शनवर नव्हताच. प्रश्न ७ मधल्या एन्झाइमचाच एक भाऊ मेंदूत असतो आणि तो उलट काम करतो, निष्क्रिय झालेल्या कॉर्टिसॉलला पुन्हा जागं करतो. तो थोपवून कॉर्टिसॉलचा मारा कमी करायचा, असा हेतू होता. एन्झाइम थोपवायला औषध अगदी थोडं पुरतं, दरवाजे बंद करायला त्याच्या कितीतरी पट लागतं. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. शिवाय बावीस माणसं म्हणजे सुरुवात असते.

१५. मुलीच्या एमआरआयमध्ये फोकल कॉर्टिकल डिसप्लेशिया लिहिलंय. म्हणजे हे संशोधन आमच्यासाठीच की!

तुमच्यासाठीच आहे, पण औषध म्हणून नाही.

योग्य निवडलेली आणि योग्य मात्रेतली दोन औषधं देऊनही फिट्स थांबत नसतील, तर त्याला औषधांना न जुमानणारी एपिलेप्सी म्हणतात. साधारण एक तृतीयांश रुग्ण यात मोडतात. अशा वेळी डिसप्लेशिया एका जागी असेल तर शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा लागतो. तिसरं, चौथं, पाचवं औषध करत वर्षं घालवणं मुलाला महागात पडतं. शस्त्रक्रियेत कळीचा प्रश्न असतो की कापायचं नेमकं किती. एमआरआयवर दिसणारा डाग आणि फिटचा खरा उगम यांच्या कडा जुळतीलच असं नाही. इथे त्या अतिवेगवान लहरी कामाला येतात: त्या जिथून निघतात तो भाग काढला गेला तर निकाल चांगला लागतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं.

याच्याही पुढची पायरी झाली आहे. नेदरलँड्समध्ये ७८ रुग्णांवर, मुलं आणि मोठे दोन्ही, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून चाचणी झाली: अर्ध्यांची शस्त्रक्रिया वेगवान लहरी पाहून, अर्ध्यांची आलेखातली नेहमीची काट्यांसारखी टोकं पाहून. २०२२ मध्ये निकाल आला. नवी पद्धत जुनीइतकीच चांगली आहे हे सिद्ध झालं नाही. म्हणून आज कुणी तुम्हाला 'वेगवान लहरींवरून अचूक ऑपरेशन' असं ठामपणे विकत असेल तर दोन प्रश्न जास्त विचारा. पण शस्त्रक्रियेसाठी तपासणी करून घ्यायला कचरू नका. तपासणी म्हणजे ऑपरेशन नव्हे.

१६. हे दरवाजे बंद करणारं दुसरं एखादं बरं औषध नाही का?

शोध चालू आहे. टोनाबरसॅट नावाचं औषध मायग्रेनवर तपासलं गेलं. डोळ्यांपुढे काजवे चमकण्याचे झटके कमी झाले, डोकेदुखी मात्र तशीच राहिली. जपानमध्ये कार्बेनॉक्सोलोनचाच एक भाऊबंद बनवला, जो मेंदूत शिरतो, आणि तो उंदरांमध्ये दुसऱ्या आजारांसाठी वापरून पाहिला.

सगळ्यांत बोलकं उदाहरण मेफ्लोक्विनचं आहे. हे मलेरियाचं औषध. मेंदूतले ठरावीक दरवाजे ते कार्बेनॉक्सोलोनपेक्षा नेमकेपणाने बंद करतं. तर्काप्रमाणे त्याने फिट्स थांबायला हव्यात. प्रत्यक्षात फिट्स येणाऱ्यांनी ते घेऊच नये अशी सक्त सूचना आहे, कारण त्याने फिट येऊ शकते. प्रयोगशाळेतला काप आणि घरातलं मूल यांच्यात किती अंतर असतं ते इथे कळतं.

१७. दुसऱ्या आजाराचं औषध फिटला लागू पडलं, असं कधी झालंच नाही का?

झालं की. वजन कमी करण्यासाठी वापरलं जाणारं फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपांना घातक म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढलं, आणि २०२० मध्ये तिथेच ड्रावे सिंड्रोम या फिट्सच्या दुर्मीळ आजाराच्या मुलांसाठी मंजूर झालं, कमी मात्रेत आणि दर काही महिन्यांनी टूडी एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अटीवर. लघवी वाढवणारं अ‍ॅसिटाझोलामाइड तर सत्तर वर्षांपासून काही फिट्समध्ये वापरात आहे. फरक इतकाच, की फेनफ्लुरामिन मुलांना देऊन, दुसऱ्या मुलांना दिसायला तसंच पण बिनऔषधाचं द्रव देऊन, फिट्स मोजून मग ठरवलं. तुमच्या कात्रणात पाहायचं असेल तर हे मोजमाप पाहा.

१८. डॉक्टरांची औषधं आणि वैद्यांची औषधं दोन्ही चालू आहेत. वैद्यांच्या औषधात यष्टीमधु आहे. चालेल?

यष्टीमधु म्हणजे ज्येष्ठमधच. बहुतेक वेळा थोड्या प्रमाणात फार काही होत नाही, पण दोन प्रसंग अपवाद समजा. एक, मूल प्रेडनिसोलोन किंवा एसीटीएचवर असताना. ज्येष्ठमध प्रेडनिसोलोन शरीरात जास्त वेळ टिकवतं, आणि ब्लड प्रेशर व पोटॅशियमच्या बाबतीत दोघं एकाच बाजूने ओढतात. दोन, अ‍ॅसिटाझोलामाइड चालू असताना, कारण तेही पोटॅशियम उतरवतं. या दोन्ही प्रसंगी वैद्यांना फोन करून यष्टीमधु वगळायला सांगा. चांगले वैद्य लगेच ऐकतात. घटकांची यादी द्यायला जो नकार देतो, त्याचं औषध घेऊ नका, मग पाटी कुठल्याही पॅथीची असो.

१९. ऑनलाइन 'कार्बेनॉक्सोलोन डायसोडियम' अशी पावडर दिसतेय, शुद्धता ९८ टक्के. मी केमिकल इंजिनिअर आहे, मात्रा काढून कॅप्सूल भरू शकतो.

चिंचवडहून आलेल्या या बाबांनी मोबाइलवर बाटलीचा फोटो मोठा करून दाखवला. मी त्यांना आणखी मोठा करायला सांगितला. लेबलच्या तळाशी ओळ होती: फक्त संशोधनासाठी, माणसांच्या किंवा प्राण्यांच्या उपचारासाठी नाही. ९८ टक्के शुद्ध म्हणजे उरलेले दोन टक्के काय आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं. कापावर टाकायला ते चालतं. त्यांचा मुलगा तेव्हा बाहेर स्कूटरवर बसून आरशात तोंडं करत होता. वजन एकोणीस किलो, क्लोबाझाम आणि लेव्हेटिरासिटॅम, तीन महिन्यांत दोन फिट्स. बाबांनी फोन खिशात घातला आणि नेहमीच्या दोन बाटल्या घेतल्या. त्यातली एक मी बदलून दिली, कारण तिची मुदत पुढच्याच महिन्यात संपत होती.